जॉर्ज हॅरिसनचा मुंबईत घडलेला अल्बम : 'वंडरवॉल म्युझिक' पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

बीटल्स या इंग्लिश बँडच्या चौघांपैकी स्वतःच्या नावाचा अल्बम सगळ्यात आधी कोणी काढला, असं विचारलं की बहुतेक जण जॉन लेनन किंवा पॉल मॅकार्टनी यांचं नाव घेतात. उत्तर आहे जॉर्ज हॅरिसन. पॉलने १९६६ मध्ये 'द फॅमिली वे' या चित्रपटासाठी सुरावटी दिल्या होत्या, पण ती तबकडी बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याच्या वाद्यवृंदाच्या नावाने निघाली. हॅरिसनचा 'वंडरवॉल म्युझिक' १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये आला. बीटल्सच्या स्वतःच्या अ‍ॅपल कंपनीने काढलेला तो पहिलाच अल्बम. पुढच्या तीनच आठवड्यांत बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' बाजारात आला आणि सगळं लक्ष तिकडे गेलं. अमेरिकेत हा अल्बम ४९व्या क्रमांकापर्यंत पोहोचला, इंग्लंडच्या यादीत त्याला जागाच मिळाली नाही. पुढे १९९५ मध्ये ओएसिस या बँडने त्याच्या नावातला पहिला शब्द उचलून एक गाणं केलं. ते जगभर गाजलं, मूळ अल्बम मात्र मागेच राहिला.

या अल्बमचा मोठा भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. त्यात संतूर शिवकुमार शर्मांचं आहे, सरोद आशिष खाँचं, सूरबहार चंद्रशेखर नारिंग्रेकरांचं. तरीही आपल्याकडे त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही, हे मला मनापासून खटकतं. माझा अनुभव असा, की बीटल्सच्या बाजूने ऐकायला घेतलं तर हा अल्बम हातातून निसटतो आणि मुंबईच्या बाजूने घेतलं की सापडतो. म्हणून पुढच्या पायऱ्या त्या क्रमाने लावल्या आहेत. बीटल्सबद्दल काही ठाऊक नसलं तरी चालेल, आणि शास्त्रीय संगीताचं शिक्षण नसलं तरीही.

पहिली पायरी : गाणी शोधू नका

एकूण १९ तुकडे आणि जेमतेम पाऊण तास. यात एकही गाणं नाही. हॅरिसनचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून बसलात तर निराशा होईल, कारण तो इथे गातच नाही. हे चित्रपटाचं पार्श्वसंगीत आहे. दिग्दर्शक जो मॅसो यांचा 'वंडरवॉल' हा तो चित्रपट. एक एकलकोंडे, विसरभोळे प्राध्यापक दिवसभर सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहत असतात. एके दिवशी घराच्या भिंतीला पडलेल्या भोकातून त्यांना शेजारची मॉडेल मुलगी दिसते आणि ते तिच्या रंगीबेरंगी जगात हरवून जातात. प्राध्यापक झाले आहेत जॅक मॅकगाउरन, मुलगी जेन बर्किन. संवाद फार कमी असल्यामुळे संगीताला मोकळं रान मिळालं. हॅरिसनने याआधी कधी चित्रपटाला संगीत दिलं नव्हतं. तू जे करशील ते मी वापरीन, असा शब्द मॅसोने दिला तेव्हा कुठे तो तयार झाला.

काम करायची त्याची पद्धत साधी होती. चित्रपट पुन्हा पुन्हा पाहायचा, हातात स्टॉपवॉच धरून प्रत्येक प्रसंगाची लांबी मोजायची, टिपून ठेवायची आणि त्या मापाची सुरावट बसवायची. काही तुकडे मिनिटभरात का संपतात याचं कारण हेच. 'गुरुवंदना' एक मिनिट पाच सेकंदांचं आहे, 'गत किरवाणी' सव्वा मिनिटाचं. बैठकीत तासाभराचा राग ऐकायची सवय असलेल्याला इथे चुटपुट लागते आणि ती खरी आहे. मलाही 'गत किरवाणी' आणखी दहा मिनिटं चालायला हवं होतं असं दर वेळी वाटतं. पण विस्ताराची वाट पाहत बसू नका. प्रसंगाच्या मापाने कापलेलं कापड आहे ते, त्याच मापात बघावं.

दुसरी पायरी : कोणती आवृत्ती घ्यायची

१९९२ ची सीडी जुन्या दुकानात अजून सापडते, पण नव्याने ऐकणाऱ्यांनी २०१४ ची सुधारित आवृत्ती घ्यावी. स्ट्रीमिंगवर बहुधा तीच असते. शेवटी तीन जादा तुकडे दिसले की आवृत्ती बरोबर आहे असं समजा. ते तीन म्हणजे 'इन द फर्स्ट प्लेस', 'ऑलमोस्ट शंकरा' आणि 'द इनर लाइट'चा नुसता वाद्यांचा टेक. २०१७ मध्ये व्हिनाइलवरही हा अल्बम पुन्हा निघाला. तबकडी लावायची सोय असेल तर मुखपृष्ठासाठी तरी ती हातात घेऊन बघा. बॉब गिल यांच्या चित्रात एका बाजूला गोल टोपीवाला गंभीर माणूस, मध्ये लाल विटांची भिंत आणि पलीकडे पाण्यात उतरलेल्या स्त्रिया आहेत. हॅरिसनच्या आग्रहावरून त्या भिंतीतली एक वीट काढली गेली, म्हणजे त्या बिचाऱ्याला पलीकडचं काहीतरी दिसावं.

मोबाइलवर ऐकणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. शफल बंद करा. आणि दोन ट्रॅकच्या मध्ये खंड पडू न देण्याची सेटिंग असते, ती चालू करा. यातले काही तुकडे एकमेकांत विरघळत जातात. मध्ये क्षणभराची शांतता आली तरी सांधा उसवतो. हेडफोन हवाच. का, ते चौथ्या पायरीत येईल.

तिसरी पायरी : आधी चार गाणी

अल्बमकडे वळण्याआधी एका संध्याकाळी बीटल्सची ही चार गाणी याच क्रमाने ऐकून घ्या: 'नॉर्वेजियन वुड' (१९६५), 'लव्ह यू टू' (१९६६), 'विदिन यू विदाउट यू' (१९६७) आणि 'द इनर लाइट' (१९६८).

पहिल्यात सतार आहे, पण ती गिटारच्या जागी वाजते. सूर सतारीचे, चाल पूर्णपणे पाश्चात्त्य. दुसऱ्यात अनिल भागवत यांचा तबला आहे आणि 'रिव्हॉल्व्हर' अल्बमच्या वेष्टनावर त्यांचं नावही छापलेलं आहे. आलापीने सुरुवात, मग लय, मग वाढती लय, असा आपल्या ओळखीचा आराखडा इथे डोकावतो. तिसरं हॅरिसनने लंडनमधल्या भारतीय वादकांना घेऊन केलं. बीटल्सपैकी बाकी तिघांचा त्यात सहभाग नाही. दिलरुबा, हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, त्याच्या गाण्याच्या ओळीला चिकटून चालते, हार्मोनियमची साथ गायकाच्या मागून येते तशी.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्याची वाद्यं मुंबईत, याच अल्बमच्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रित झाली. सरोद आशिष खाँ, बासरी हरिप्रसाद चौरसिया. शब्दांचा उगम 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ४७व्या अध्यायात आहे. केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणारे हुआन मास्कारो यांनी तो अध्याय हॅरिसनला सुचवला होता. आवाज नंतर लंडनला फेब्रुवारीत भरला. मार्चमध्ये बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' या सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला हे गाणं आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ती पहिली वेळ. त्या सव्वादोन-अडीच मिनिटांत द्रुत भागाचा झपाटा आणि लगेच गायनासाठी मोकळी होणारी जागा, असा खेळ दोनदा होतो. तो ओळखता आला की 'वंडरवॉल' तुम्हाला परका राहणार नाही.

चौथी पायरी : फोर्टमधली ती खोली डोळ्यांसमोर आणा

हॅरिसनची मुंबईशी ओळख त्याआधीची. सप्टेंबर १९६६ मध्ये तो पत्नी पॅटीला घेऊन रविशंकरांकडे सतार शिकायला आला. ताजमहाल हॉटेलात खोट्या नावाने उतरला, ओळखू येऊ नये म्हणून मिशा राखल्या. तरी बातमी फुटली, हॉटेलखाली पोरांची गर्दी जमली आणि अखेर गुरू-शिष्य काश्मीरला निघून गेले. त्या मुक्कामात रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांनीही त्याचा रियाज करून घेतला होता. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा वादक जमवायला हेच शंभू दास उपयोगी पडले.

एचएमव्हीचा स्टुडिओ फिरोजशहा मेहता रोडवरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये होता. फोर्टमध्ये ये-जा असलेल्यांना त्या भागाची दुपार ठाऊक असेल: हॉर्न, टॅक्स्या, कचेऱ्यांची वर्दळ. स्टुडिओला नीट ध्वनिरोधन नव्हतं. हॅरिसननेच पुढे सांगितलं आहे, की अल्बमच्या भारतीय तुकड्यांमध्ये कान देऊन ऐकलं तर खालून जाणाऱ्या टॅक्स्या ऐकू येतात आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर पावलांचा असा धडधडाट व्हायचा, की काम थांबवावं लागे. हेडफोन त्यासाठी. ज्यांना या शहराचा आवाज अंगवळणी पडला आहे त्यांना १९६८ ची मुंबई इथे तळाशी हळूच सापडते. मला तर हा या अल्बमचा दोष कधीच वाटला नाही.

यंत्रांची गोष्टही अशीच. मुंबईत तेव्हा फक्त मोनो यंत्र होतं. एचएमव्ही ज्या ग्रामोफोन कंपनीची, तिचे भास्कर मेनन (पुढे हे ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्या जागतिक संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले) यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टीरिओ यंत्र रेल्वेने आणलं. लंडनला ट्रॅकवर ट्रॅक चढवत आठवडेच्या आठवडे काम करायची सवय असलेल्या माणसाला इथे वाजतानाच आवाजांचा समतोल साधायचा होता. वादक एकत्र बसलेले आणि बहुतेक वेळा जे वाजलं तेच कायमचं. मुंबईच्या तुकड्यांमध्ये जो ताजेपणा आहे तो त्यातून आला, असं माझं मत आहे.

त्या काळी एचएमव्हीच्या मुंबई शाखेत रेकॉर्डिंगचं काम आपले भावगीत गायक जी. एन. जोशी बघत. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा 'कॉल ऑफ द व्हॅली' जोशींनीच निर्माण केला होता आणि तो आदल्याच वर्षी झाला होता. म्हणजे हॅरिसन मुंबईत पोहोचला तेव्हा हे तरुण वादक कमी वेळात नेमका भाव उभा करायच्या कामात मुरलेले होते. यातले अनेक जण चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही वाजवत. दीड मिनिटात दृश्याला न्याय द्यायचा, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. ते त्यांचं रोजचं काम होतं.

पाचवी पायरी : फक्त मुंबईचे तुकडे, या क्रमाने

आता अल्बम उघडा, पण पहिल्यापासून वाजवू नका. आधी हे ऐका.

'टॅबला अँड पखवाज'पासून सुरुवात करा. एक मिनिट पाच सेकंद, महापुरुष मिश्र. कान तयार करायला यासारखा तुकडा नाही. तबल्याच्या चाटेचा कडक, नेमका आवाज एकीकडे आणि पखवाजाची खुली, घुमणारी थाप दुसरीकडे. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, त्यामुळे खर्जातला तो भरीव आवाज येतो. भजनात, कीर्तनात, वारीत पखवाज ऐकत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. लंडनच्या श्रोत्याला मात्र दोन्ही नुसते 'ड्रम' होते. इथे तुम्ही त्याच्या पुढे आहात, हे लक्षात असू द्या.

मग 'इन द पार्क'. चार मिनिटांचा हा तुकडा मुंबईच्या भागातला सगळ्यात निवांत. यात रिजराम देसाद यांचं तबलातरंग आहे. वेगवेगळ्या सुरांना लावलेले दहा-बारा किंवा अधिक दायें (उजव्या हाताचे तबले) अर्धवर्तुळात मांडून त्यांच्यावर चाल वाजवायची, म्हणजे तबलातरंग. पहिल्यांदा ऐकताना ते तालवाद्य वाटत नाही, मध्येच जलतरंगाचा भास होतो. त्याच्या सोबतीला संतूर आणि सूरबहार. सूरबहार सतारीसारखंच, पण थोराड. तारा जाड, सूर खालचे आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, लांबलचक. चंद्रशेखर नारिंग्रेकरांचा एकेक सूर कसा खाली वाकत जातो, तेवढ्यावरच एकदा लक्ष ठेवा. दुसऱ्या वेळी फक्त संतूर ऐका. असं एका वेळी एकच वाद्य धरून ऐकलं, तर गर्दीतून माणसं ओळखीची होत जातात.

पुढे 'मायक्रोब्ज'. अल्बम प्रत्यक्षात याच तुकड्याने सुरू होतो. सूक्ष्मदर्शकातले जंतू, म्हणून हे नाव. दोन सनया आहेत, शरद कुमार आणि हनुमान जाधव यांच्या. आपल्याकडे सनई म्हणजे मंगलकार्य, त्यामुळे ही विलंबित, जड, उदास सनई सुरुवातीला दचकवते. प्राध्यापकांचं एकटेपण तिच्यात आहे. अल्बमची पहिलीच तीन-चार मिनिटं एवढी जड ठेवायला धाडस लागतं, आणि ते त्या पंचविशीतही न पोहोचलेल्या मुलाने दाखवलं.

'क्राइंग' सव्वा मिनिटाचं. विनायक व्होरा यांची तारशहनाई. नावाने फसू नका, हे फुंकवाद्य नाही. इसराजासारखं गजाने वाजवायचं वाद्य, त्याला आवाज मोठा करणारा कर्णा जोडलेला, म्हणून गजाच्या घासण्यातून सनईसारखा धारदार, कापरा सूर निघतो. एवढं माहीत झाल्यावर पुन्हा ऐका. रडण्याची नक्कल किती सहज आणि स्वस्त झाली असती! व्होरांनी ती सुरात ठेवली आहे, हुंदका सुद्धा श्रुतीला धरून येतो.

शेवटी 'लव्ह सीन', सव्वाचार मिनिटांचं. माझ्या मते अल्बमचा कळस. दोन सरोद एकमेकांशी बोलताहेत असं ऐकू येतं, पण दोन्ही आशिष खाँच वाजवताहेत. आधी एक सरोद ध्वनिमुद्रित केला, मग तोच ऐकत त्याला उत्तर देणारा दुसरा. अलाउद्दीन खाँसाहेबांचा नातू, अली अकबर खाँसाहेबांचा मुलगा. जुगलबंदी त्याच्या घरातली. पण स्वतःशीच जुगलबंदी करायची ही कल्पना स्टुडिओत रुळलेल्या हॅरिसनची. लंडनमधली युक्ती आणि मैहर घराण्याचा हात यांचा इतका नितळ मेळ मी त्या दशकातल्या दुसऱ्या कुठल्याही पाश्चात्त्य तबकडीत ऐकलेला नाही. सरोदला पडदे नसतात. चकचकीत धातूच्या पट्टीवर नख घसरत जातं आणि सूर अखंड राहतो. पहिला सरोद एक वाक्य अर्धवट सोडतो तिथे दुसरा कोणत्या सुरावर उचलतो, ते हेडफोनवर डाव्या-उजव्या कानाने टिपायचा प्रयत्न करा.

हे पाच तुकडे झाले की त्या दिवशी थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऐका, मग पुढे जा.

सहावी पायरी : एकच सांधा पाच वेळा

आता ट्रॅक आठ आणि नऊ, फक्त दोन. 'स्कीइंग' आणि 'गत किरवाणी'.

'स्कीइंग'मध्ये एरिक क्लॅप्टनची गिटार आहे. कराराच्या अडचणींमुळे तो 'एडी क्लेटन' या नावाने वावरतो, आणि रिंगो स्टार 'रिची स्नेअर' होतो. ही गिटार खरखरीत, तापलेली, एकाच ओळीभोवती फिरणारी. दीड-पावणेदोन मिनिटं ती तशीच घोंघावते. मग गिटार हळूहळू मागे सरते, खाली तानपुऱ्यासारखा षड्ज (म्हणजे 'सा') उरतो आणि त्याच्यावरच किरवाणी रागाची द्रुत गत, म्हणजे तालात बांधलेली वेगवान रचना, सरोद-सतार-तबल्याने उसळून येते. कुठे लंडन संपलं आणि कुठे मुंबई लागली, बोट ठेवून सांगता येत नाही.

किरवाणी मूळचा दक्षिणेतला. गंधार आणि धैवत कोमल, निषाद शुद्ध. पाश्चात्त्य संगीतातल्या हार्मोनिक मायनरची स्वरावली हीच. म्हणून हा राग पाश्चात्त्य कानाला लगेच जवळचा वाटतो. हॅरिसनने हाच तुकडा गिटारला जोडला यामागे त्याचा कान होता असं मी मानतो. फ्यूजन हा शब्द पुढे फार स्वस्त झाला; दोन तऱ्हेचे वादक एका खोलीत बसवले की झालं, असं वाटू लागलं. इथे दोन खोल्या आहेत, हजारो किलोमीटर अंतरावर, आणि मधला धागा फक्त एक स्वर. हा सांधा सलग ऐकून बघा. खंड न पाडण्याची सेटिंग इथेच कामाला येते.

सातवी पायरी : लंडनचे तुकडे

लंडनचं काम नोव्हेंबर १९६७ मध्ये सुरू झालं होतं. तिथे लिव्हरपूलचा रेमो फोर हा बँड होता आणि जॉन बार्हम होता, जो रविशंकरांबरोबर काम केलेला पियानोवादक आणि स्वरलेखनात तरबेज. हॅरिसनला नोटेशन लिहिता येत नसे. तो गुणगुणायचा, वाजवून दाखवायचा, बार्हम कागदावर उतरवायचा.

या भागाबद्दल मी फार रेंगाळणार नाही, कारण गुणवत्ता वरखाली आहे. 'ड्रिलिंग अ होम' जुन्या मूकपटांच्या पियानोच्या थाटाचं, गंमतीचं, पण एकदा ऐकून पुरे. 'काउबॉय म्युझिक' मध्ये टॉमी रायलीचा माउथ ऑर्गन आहे, तो छान आहे. 'पार्टी सीकोम्ब' साडेचार मिनिटांचं, १९६८ च्या लंडनचा सायकेडेलिक माहोल जसाच्या तसा. 'ऑन द बेड' मध्ये एक साधी पियानोची ओळ फिरत राहते आणि वर फ्लुगलहॉर्न (ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य) येतं. हॅरिसनची पुढची धून बांधायची हातोटी कळायला हा तुकडा चांगला. 'वंडरवॉल टू बी हिअर' दीड मिनिटाचं, पियानोवर, आणि लंडनच्या तुकड्यांतलं माझं सगळ्यात आवडतं. मंकीज बँडच्या पीटर टॉर्कने बँजो वाजवलेला तुकडा मात्र अल्बमवर शोधू नका, तो चित्रपटातच आहे.

'ड्रीम सीन' वेगळं काढून ऐका. साडेपाच मिनिटांचा, अल्बममधला सगळ्यात लांब तुकडा. मुंबईचे आवाज, भारतीय गायक-गायिकेचे स्वर, उलट्या फिरवलेल्या टेप, भोंगे, सगळं एकात एक मिसळलेलं. बीटल्सच्या 'रिव्होल्यूशन ९' या अशाच आवाजांच्या तुकड्याचा गाजावाजा सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या कित्येक महिने आधी हे झालं होतं. हे रात्री, दिवे कमी करून, हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. स्वयंपाक करताना मागे लावलं तर नुसता गोंगाट वाटेल.

आठवी पायरी : आता पहिल्यापासून शेवटपर्यंत

एवढं झाल्यावर पाऊण तास मोकळा काढून १९ तुकडे सलग. आता क्रम लक्षात येईल: सनईने सुरुवात, मग लंडन, मग तबला-पखवाज, मग बाग... मुंबई आणि लंडन आलटून पालटून येतात. भिंतीच्या अलीकडचं आणि पलीकडचं जग असं हे मांडलंय, असं माझं वाचन आहे. पण बाहेरचं कुठलं आणि आतलं कुठलं, हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं. शेवट 'सिंगिंग ओम'ने, हार्मोनियम आणि ओमचा घोष. लगेच जादा तुकडे सुरू होतील, तिथे वाजवणं थांबवा. ते वेगळ्या वेळी ऐका.

त्या जादा तुकड्यांतल्या 'इन द फर्स्ट प्लेस'ची हकीकत जाणून घेण्यासारखी. रेमो फोरचं हे गाणं हॅरिसनच्या निर्मितीखाली झालं होतं, पण चित्रपटात गेलंच नाही. नव्वदच्या दशकात मॅसो चित्रपटाची नवी प्रत तयार करत असताना जुन्या टेपांमध्ये ते सापडलं आणि १९९९ मध्ये बाहेर आलं. आणि 'द इनर लाइट'चा तो वाद्यांचा टेक? तिसऱ्या पायरीतलं गाणं तुम्हाला आता पाठ झालं असेल. त्यातून आवाज काढून टाकल्यावर बासरी आणि सरोद एकमेकांना कशी जागा देतात ते इथे उघडं दिसतं.

चित्रपट बघायचा का? बघा, पण अल्बम मनात बसल्यावर. १९६८ च्या मेमध्ये कान महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. कथा पातळ आहे. चोरून बघणाऱ्या माणसाकडे तेव्हाचा लंडन ज्या लाडाने पाहतो ते आज मला पटत नाही. रंग आणि सजावट मात्र डोळ्यांत भरते, आणि कुठला तुकडा कुठे बसतो हे कळल्यावर स्टॉपवॉचवालं काम किती काटेकोर होतं तेही कळतं.

नववी पायरी : इथून पुढे कुठे

वादकांकडे जायचं असेल तर पहिलं पाऊल 'कॉल ऑफ द व्हॅली'. संतूर आणि बासरी तीच, पण इथे विस्ताराला जागा आहे. 'वंडरवॉल' ऐकताना लागलेली चुटपुट बरीचशी इथे भागते. तिथून आशिष खाँच्या स्वतंत्र सरोद वादनाकडे वळा, पूर्ण आलाप-जोड-झाल्यासकट, म्हणजे संथ सुरुवातीपासून वेगवान शेवटापर्यंत.

हॅरिसनकडे जायचं असेल तर एकदम त्याच्या गाजलेल्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या अल्बमवर उडी मारू नका, ते कधीतरी तुम्हाला गाठणारच आहे. त्याऐवजी त्याने स्वतः मागे राहून भारतीय संगीतासाठी जे केलं ते बघा. १९७४ मध्ये त्याने आपल्या डार्क हॉर्स कंपनीतर्फे 'शंकर फॅमिली अँड फ्रेंड्स' काढला, संगीत रविशंकरांचं. १९९७ मध्ये 'चँट्स ऑफ इंडिया', वैदिक मंत्र आणि प्रार्थना, निर्मिती हॅरिसनची; त्याचं काही काम चेन्नईत झालं, काही इंग्लंडमध्ये त्याच्या घरी. आणि मग २००२ मधला, त्याच्या मृत्यूनंतर आलेला 'ब्रेनवॉश्ड'. त्यातली 'मारवा ब्लूज' ही स्लाइड गिटारची (तारांवर नळी घसरवत वाजवायची) रचना आहे, शब्द नाहीत, आवाज नाही. तिला २००४ मध्ये ग्रॅमी मिळालं. मारव्याचा षड्ज टाळून फिरण्याचा स्वभाव ठाऊक असेल तर स्लाइड कुठे थांबायला नकार देते ते पाहा, आणि नंतर लगेच 'लव्ह सीन'मधला सरोद पुन्हा लावा.